सहाच्या जागी पाच

गेल्या महिन्यात आमची ऑफसाइट झाली. लोणावळ्याच्या जरा पुढे एक रिसॉर्ट, पाऊस नुकताच संपलेला, नाश्त्याला कांदेपोहे आणि ज्यांना पोहे चालत नाहीत अशा दोन-तीन महाभागांसाठी मुसली. सगळं मस्त चाललं होतं. अकरा वाजता कॅमोफ्लाज टी-शर्टातला एक ट्रेनर उगवला, त्याने आमच्या गालांवर काळे पट्टे ओढले आणि गर्जना केली, ‘आजपासून तुम्ही सगळे कमांडो!’

आमच्यातल्या निम्म्या जणांना लिफ्ट बंद असली की वर्क फ्रॉम होम आठवतं. तरीही आम्ही दोरीला लटकलो, चिखलात सरपटलो, एकमेकांचे फोटो काढले. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही. पण जेवणानंतर प्रोजेक्टर लागला. पडद्यावर काळ्या कपड्यातला, चेहरा झाकलेला, हातात बंदूक घेतलेला एक माणूस. खाली भल्यामोठ्या अक्षरांत : कमांडो कधीच ‘नाही’ म्हणत नाही.

बॉसने टाळ्या वाजवल्या. म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मला मात्र ताकाचा ठसका लागला.

कारण आजच्या अमेरिकी कमांडो दलांचं सगळं रूप ज्या एका रात्रीमुळे बदललं, त्या रात्री त्यांचा म्होरक्या ‘नाही’च म्हणाला होता. ही गोष्ट मला माहीत आहे, कारण गेल्या वर्षीपासून मी ती मिळेल तिथून वाचतेय. का वाचतेय ते पुढे सांगते.

आधी सीन समजून घ्या. ४ नोव्हेंबर १९७९. इराणमध्ये क्रांती झालेली, शहा देश सोडून गेलेला आणि उपचारांसाठी अमेरिकेत पोचलेला. तेहरानमधले विद्यार्थी अमेरिकी वकिलातीच्या भिंतींवरून आत घुसले आणि आतल्यांना ओलीस धरलं. काहींना त्याच महिन्यात सोडून दिलं, पण पन्नासहून जास्त लोक अडकूनच पडले. आठवडे गेले, महिने गेले. वाटाघाटी, निर्बंध, सगळं करून झालं. अध्यक्ष जिमी कार्टरच्या टेबलावर एक फाइल तोवर तयार होत होती.

त्या फाइलीतला हीरो होता चार्ल्स बेकविथ नावाचा कर्नल. साठच्या दशकात तो ब्रिटिशांच्या एसएएस या पथकात एक्स्चेंजवर गेला होता. तिथला कारभार बघून गडी पार प्रेमात पडला. परत आल्यावर त्याने वरिष्ठांच्या मागे टुमणं लावलं, की आपल्याकडेही असं छोटं, वेगळं पथक पाहिजे. हे टुमणं दहा वर्षांहून जास्त चाललं. (अप्रेझलमध्ये एक आयडिया दोनदा नाकारली की राजीनामा टाइप करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) अखेर १९७७ मध्ये डेल्टा फोर्स उभी राहिली. बेकविथ तिचा पहिला प्रमुख. आणि तिची पहिली मोठी कामगिरी म्हणून समोर आलं थेट तेहरान.

आता प्लॅन बघा. अरबी समुद्रातल्या ‘निमित्झ’ या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टर्स उडणार. ओमानजवळच्या मसिरा बेटावरून सहा सी-१३० विमानं कमांडो आणि इंधन घेऊन निघणार. इराणच्या वाळवंटात रात्री एका निर्जन जागी दोघांची भेट. त्या जागेचं नाव ‘डेझर्ट वन’. तिथे हेलिकॉप्टर्समध्ये इंधन भरायचं, कमांडो त्यात बसणार, पहाटेआधी तेहरानजवळ जाऊन दिवसभर लपणार. दुसऱ्या रात्री ट्रकमधून शहरात शिरून वकिलातीवर छापा. ओलिसांना सोडवून समोरच्या फुटबॉल स्टेडियममध्ये न्यायचं, तिथे हेलिकॉप्टर्स येणार. तिथून एका विमानतळावर, जो तोपर्यंत दुसऱ्या तुकडीने ताब्यात घेतलेला असणार. तिथे मोठी विमानं तयार. मग घरी.

वाचतानाच दमलात ना? मीही. आणि यातली एक कडी निसटली की पुढचं सगळं बोंबललं.

परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांना हा बेत मुळातच पटला नव्हता. मोहीम फत्ते झाली तरी मी जाणार, असं सांगून त्यांनी आधीच राजीनामा दिला. म्हणजे त्या गोष्टीत ‘नाही’ म्हणणारे दोघं होते म्हणायचे. आपल्याला आज दुसऱ्याकडे बघायचंय.

खरी मजा, म्हणजे मजा कसली, टीमच्या रचनेत होती. छापा घालणारे लष्कराचे. सी-१३० हवाईदलाची. हेलिकॉप्टर्स नौदलाची, तीही मूळची समुद्रातले सुरुंग काढायच्या कामाची. जहाजावर उभी दिसली तर कुणाला संशय येणार नाही आणि पल्लाही बरा, म्हणून निवडलेली. आणि ती उडवणारे पायलट बहुतेक मरीन्सचे. आपल्या ऑफिसात याला मॅट्रिक्स रिपोर्टिंग म्हणतात आणि त्याचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पाच-सहा महिने सगळ्यांनी तयारी केली, पण आपापल्या जागी. गुप्तता इतकी कडक, की अख्ख्या चमूने एकत्र येऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही पूर्ण तालीम केली नाही. गणेशोत्सवातल्या एकांकिकेलासुद्धा आपण रंगीत तालीम करतो हो!

या सगळ्यात एक आकडा मात्र पक्का लिहिलेला होता. हेलिकॉप्टर्स आठ, पण डेझर्ट वनवरून पुढे जायला किमान सहा हवीत. सहापेक्षा कमी असली तर परत फिरायचं. डोकी शांत असताना, एसीत बसून ठरवलेला आकडा.

२४ एप्रिल १९८०. डेल्टाची पोरं निघाली तेव्हा जीन्समध्ये होती. काळी रंगवलेली जॅकेट्स, लोकरी टोप्या, वाढलेल्या दाढ्या. बाहीवर अमेरिकेचा झेंडा शिवलेला आणि त्यावर टेप चिकटवलेली, वकिलातीत शिरल्यावर काढायची म्हणून. आमच्या ट्रेनरच्या टी-शर्टापेक्षा बराच साधा गेटअप.

पहिलं विमान डेझर्ट वनला उतरलं आणि थोड्याच वेळात त्या ‘निर्जन’ रस्त्यावरून एक बस आली. चाळीसेक प्रवासी असलेली, साधी एसटीसारखी बस! तिला थांबवून माणसांना खाली बसवलं. तेवढ्यात एक टँकर आला. तो थांबेना, म्हणून त्यावर रॉकेट डागलं. आत इंधन होतं. वाळवंटात रात्री लांबून दिसेल असा आगीचा लोळ उठला, आणि टँकरचा ड्रायव्हर मागून आलेल्या दुसऱ्या गाडीत उडी मारून पसार झाला. गुप्त मोहीम सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती.

तिकडे हेलिकॉप्टर्सचं वेगळंच. पहिलं वाटेतच उतरलं, पात्याला तडा गेल्याचा इशारा दिवा लागला म्हणून. ते तिथेच सोडून त्यातली माणसं दुसऱ्यात बसली. राहिली सात. मग समोर धुळीचा ढग आला. वादळासारखा घोंघावणारा नव्हे, तर हवेत तरंगत राहिलेली, पिठासारखी बारीक धूळ, मैलोन् मैल. पुढे गेलेल्या सी-१३० विमानांना ही धूळ आधीच लागली होती, पण ती खबर मागच्यांपर्यंत पोचली नाही. रेडिओवर बोलायचं नाही, असा हुकूम होता. एका हेलिकॉप्टरची उपकरणं बिघडली. पायलटला पुढचं काही दिसेना. बराच वेळ रेटून तो शेवटी मागे फिरला आणि जहाजावर परतला.

आता ही गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. तो जिथून फिरला तिथून धुळीची कड फार लांब नव्हती आणि डेझर्ट वनवर हवा स्वच्छ होती. नंतर झालेल्या चौकशीत निघालं, की हे कळलं असतं तर तो पुढे गेला असता. कुणीतरी फक्त सांगायला हवं होतं.

सहा पोचली. उशिरा पोचली, पण पोचली. सहा म्हणजे सहा. हुश्श. आणि त्यातल्या एकाची हायड्रॉलिक यंत्रणा गेलेली निघाली. पुढे उडणं धोक्याचं.

पाच.

रेडिओवरून वरून विचारणा झाली, पाचांवर भागतंय का बघा. भागवायचं तर वीसेक माणसं तिथेच सोडावी लागणार होती. कुठले वीस? वकिलातीच्या कुठल्या खोलीत कोण शिरणार हे प्रत्येकाने महिनोन् महिने घोकलेलं. आणि तेहरानपर्यंत जाताना आणखी एखादं बंद पडलं तर ओलिसांना बसवायचं कशात? जरा त्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. ज्या पथकासाठी अर्धी नोकरी घालवली त्याची ही पहिलीच मोहीम. इंजिनं चालू, अंधार सरत चाललेला, सगळं जग नंतर विचारणार. बेकविथ म्हणाला, नाही. परत जायचं. निरोप कार्टरपर्यंत गेला, त्यांनी मान्य केलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. परतीसाठी जागा करून द्यायला एक हेलिकॉप्टर जमिनीवरून जरासं उचललं गेलं. पंख्यांनी उडवलेल्या धुळीत पायलटला काही दिसेना, आणि ते शेजारच्या सी-१३० वर आदळलं. त्या विमानात इंधन होतं, डेल्टाची माणसंही होती. बहुतेक जण आगीतून बाहेर पडले. आठ जण नाही पडले. पाच हवाईदलाचे, तीन मरीन्सचे. बाकीचे उरलेल्या विमानांत कोंबून निघाले. हेलिकॉप्टर्स तिथेच राहिली, कागदपत्रं राहिली आणि त्या आठ जणांचे देहही तिथेच राहिले.

मसिरा बेटावर परत आल्यावर त्यांना तिथल्या ब्रिटिशांकडून बिअरच्या पेट्या मिळाल्या, म्हणे. वर चिठ्ठी, प्रयत्न करायची हिंमत दाखवलीत याबद्दल. त्या रात्रीत तेवढंच काय ते माणसासारखं.

ओलीस सुटले ते २० जानेवारी १९८१ ला, ४४४ दिवसांनी, रेगननी शपथ घेतल्यावर काही मिनिटांत. कमांडोंनी सोडवून नाही, वाटाघाटींनी. कार्टर तोपर्यंत निवडणूक हरले होते.

अॅडमिरल हॉलोवे यांच्या समितीने नंतर सगळं उकरून काढलं. पूर्ण तालीम नाही. गुप्ततेपायी एकाला दुसऱ्याचं काम माहीत नाही. हवामानवाल्यांची आणि पायलटांची थेट गाठभेट नाही. आठऐवजी किमान दहा हेलिकॉप्टर्स घ्यायला हवी होती. वाचताना मला सारखं वाटत होतं, हे आमच्या प्रोजेक्टचं पोस्टमॉर्टेम आहे, फक्त स्पेलिंग वेगळी.

पण पुढचं ऐका. त्या राखेतूनच आजची यंत्रणा उभी राहिली. वेगवेगळ्या दलांतल्या अशा पथकांना एकत्र बांधणारी कमांड त्याच वर्षी, १९८० मध्ये. रात्री, खालून, अवघड जागी हेलिकॉप्टर नेणं हेच काम असलेली खास पलटण १९८१ मध्ये. आणि १९८७ मध्ये सगळ्या दलांतल्या स्पेशल फोर्सेसना एकाच छत्राखाली आणणारी मोठी कमांड, स्वतःच्या बजेटसकट. २ मे २०११ च्या रात्री अबोटाबादला लादेनच्या घराच्या आवारात एक हेलिकॉप्टर आपटलंच होतं, आठवतंय? सरावासाठी त्या घराची प्रतिकृती बांधली होती, पण तिला भिंतीऐवजी जाळीचं कुंपण होतं, असं सांगतात. खऱ्या भिंतींमध्ये हवा कोंडली आणि हेलिकॉप्टर बसलं. पण या वेळी जादाची हेलिकॉप्टर्स जवळच थांबवलेली होती. काम झालं, मोडकं हेलिकॉप्टर उडवून दिलं, सगळे दुसऱ्यातून परत.

सिनेमामुळे आपल्याला वाटतं कमांडो म्हणजे दार फोडणं. ते आहेच. पण या लोकांचं बरंचसं काम दिवसचे दिवस एका झुडपात पडून कोण कुठून जातंय ते मोजणं, नाहीतर दुसऱ्या देशात जाऊन तिथल्यांची भाषा शिकून त्यांना लढायला शिकवणं, असलं असतं. ऑक्टोबर २००१ मध्ये उत्तर अफगाणिस्तानात उतरलेल्या बारा अमेरिकनांना तिथल्या सरदारांबरोबर चक्क घोड्यांवरून फिरावं लागलं. हातात लेझर यंत्रं, डोक्यावर बॉम्बर विमानं, आणि खाली लाकडी खोगीर. बहुतेकांना घोड्यावर बसताही येत नव्हतं.

आपल्याकडे? आपल्याकडे पॅरा स्पेशल फोर्सेस आहेत, आणि त्यातली २१ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची, १९९६ मध्ये बदललेली. टोपणनाव वाघनखं! नौदलाचे मार्कोस १९८७ पासून, हवाईदलाचे गरुड २००४ पासून. आणि तिन्ही दलांतल्यांना एकत्र काम करायला लावणारा विभाग २०१९ मध्ये. हॉलोवे समितीनंतर एकोणचाळीस वर्षांनी, असं मी मनातल्या मनात मोजलं.

मुंबईकरांना तर हे सगळं सांगायलाच नको. २६ नोव्हेंबर २००८. एनएसजी तांत्रिकदृष्ट्या गृहखात्याची, पण छापा घालणारे जवान लष्करातूनच येतात. ते होते दिल्लीजवळ मानेसरला, त्यांना घेऊन येणारं मोठं विमान चंडीगडला. मुंबईत उतरेपर्यंत पहाट झाली, आणि विमानतळावरून ते निघाले ते बेस्टच्या बसमधून. त्या बसमधल्या माणसांनी पुढे तीन दिवस काय केलं ते आपण टीव्हीवर बघितलं. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदर सिंह परत गेले नाहीत. त्यांच्या शौर्यात काडीची कमी नव्हती. कमी होतं ते विमान. पुढच्या वर्षी मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं.

आमच्या सोसायटीत सी विंगला एक निवृत्त सुभेदार राहतात. साताऱ्याकडचे, बेळगावला कमांडो कोर्स केलेले. ऑफसाइटवरून आले तेव्हा गालावरचा पट्टा पूर्ण गेला नव्हता. लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, ‘काय गं पोरी, डांबर लागलं का?’ मी सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. मग म्हणाले, ‘अगं, कमांडोचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. आणि उरलेलं एकच दार शंभर वेळा उघडण्यात. कंटाळा आला तरी उघडायचं.’

मी विचारलं, ‘काका, आणि नाही म्हणता येतं?’

‘म्हणावं लागतं. तुझ्यामागं दहा पोरं असतात ना.’ चौथा मजला आला, ते उतरले.

आता सांगते मी हे का वाचत बसले ते. गेल्या वर्षी आमचं एक गो-लाइव्ह होतं. आठ गोष्टींची चेकलिस्ट, आणि आम्हीच मेलवर लिहिलं होतं, किमान सहा हिरव्या झाल्याशिवाय जायचं नाही. रात्री अकराला कॉल. चौदा जण लाइनवर. हिरव्या पाच. चेकलिस्ट माझ्याकडे होती, म्हणजे आकडा वाचायचं काम माझं. मी वाचला. मग कुणीतरी म्हणालं, ‘मॅनेज करू यार,’ आणि तेरा जण गप्प बसले. तेरांत मी होते.

मॅनेज केलं. तीन रात्री केलं. तिसऱ्या सकाळी टीममधला सगळ्यात लहान मुलगा बाइकवरून घरी जाताना पेंगला आणि डिव्हायडरवर गेला. मनगट दोन ठिकाणी मोडलं, प्लेट बसवावी लागली. त्याच दुपारी वरून मेल आला, ‘यू गाइज आर रॉकस्टार्स’. त्यात त्याचंही नाव होतं. हॉस्पिटलमधून त्याने डाव्या हाताने स्मायली पाठवली.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा गो-लाइव्ह आहे. चेकलिस्ट पुन्हा माझ्याकडे. या वेळी मी सोमवारीच बॉसला मेल टाकला : आकडा सहा आहे, शुक्रवारी रात्री अकरा वाजता पाच असले तर मी थांबवायला सांगणार, आणि ते कॉलवर सगळ्यांसमोर सांगणार.

बॉसकडून उत्तर आलंय. नुसता थम्स-अप. त्याचा अर्थ ‘बरोबर आहे’ की ‘वाचलं’, ते अजून कळलेलं नाही. आज बुधवार. हिरव्या चार झाल्यात.